भिंतीमागची जागा

“गेला का?”

मी भिंतीच्या अलीकडून विचारलं. पलीकडून प्रतिभाचा, माझ्या भावजयीचा, आवाज आला, “गेला ताई, गेला. तुम्ही मात्र तिथंच बसा हं, हलू नका.”

मी कुठली हलतेय. कडुनिंबाखाली स्कूटर आणि सायकली लावायची जागा होती, तिथल्या एका दगडावर मी नेहमीसारखी ठाण मांडून बसले होते. मांडीवर संत्र्यांची पिशवी, पाठीला भिंत. भिंतीपलीकडे बास्केटबॉलचं ग्राउंड, आणि त्या ग्राउंडवर माझी भाची शाल्मली बास्केटवर बास्केट करत होती. अख्खी वस्ती ते बघत होती. तिची सख्खी आत्या तेवढी भिंतीशी गप्पा मारत बसली होती.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. असं का होतं, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला वेडी म्हणाल.

आमचं घर मॅच बघणाऱ्यांचं. टीव्हीवर क्रिकेट लागलं की माझा धाकटा भाऊ विनू घराचा ताबा घ्यायचा. बॅट्समनची जोडी जमली की जो जिथं असेल त्यानं तिथंच राहायचं, असा नियम. एकदा आई स्वयंपाकघराच्या दारात अडकली आणि गॅसवर दूध होतं. दूध उतू गेलं, भांडं करपलं, घरभर धूर झाला, पण आई हलली नाही. हलली असती आणि विकेट पडली असती तर विनूनं जेवण सोडलं असतं. हसू नका, आम्ही सगळेच ते मानायचो. मीसुद्धा. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी करणारी, कमावती, शहाणी बाई मी, पण मॅच चालू असताना आखडलेला पाय सरळ करायची माझी छाती होत नसे.

तर त्या हिवाळ्यात शाल्मली पहिल्यांदाच आमच्या वस्तीतल्या मंडळाकडून सीझन खेळत होती. चौदाची होती, पण ताडमाड वाढलेली. तिचं नाव मीच ठेवलेलं. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ते सांगताना पाठीत धपाटे खायचा मानही आत्याचाच. वस्तीतल्या बायकांनी तेव्हा असे काही धपाटे घातले की माझी बांगडी पिचली. सावरीच्या झाडाचं नाव ठेवलंस, आता पोरगी झाडासारखी वाढणार, असं आई म्हणाली होती. तसंच झालं.

लहानपणी शाल्मलीला हे बारसं पुन्हा पुन्हा हवं असायचं. शाळेचा पेपर असो की दात काढायचा असो, ती कान पुढे करायची. “आत्या, कुर्र कर.” मी तिच्या कानात तिचंच नाव सांगायचे, मग ती माझ्या पाठीत एक धपाटा घालायची आणि निघायची. त्याशिवाय तिचा पाय घराबाहेर पडत नसे.

सीझनच्या पहिल्या मॅचला मी पहिल्या ओळीत होते. नवी साडी नेसून, काय सांगू. पण पोरीचा एकही शॉट जाईना. बॉल रिंगवर आपटायचा, टण्ण, आणि भलतीकडेच पळायचा. मध्यंतरात पोरींना संत्री द्यायची म्हणून खेळ चालू असतानाच मी माझ्या लुना मोपेडला अडकवलेली पिशवी आणायला बाहेर गेले आणि आत एकदम गलका झाला. शाल्मलीनं बास्केट केला होता. पिशवीची गाठ सुटेपर्यंत दुसरा. मी धावत आत आले, तर पुन्हा टण्ण.

विनू माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत ती क्रिकेटवाली चमक होती.

“ताई, तुझी एखादी वस्तू बाहेर राहिली का गं?”

“नाही रे.”

“पाहून तर ये ना.”

मी हसत हसत गेले. आणि मॅच आम्ही जिंकलो.

बस, तेव्हापासून ती भिंतीमागची जागा माझी झाली. पनवती हा शब्द घरात कोणी उच्चारला नाही, एवढं मात्र खरं. विनू म्हणायचा, “ताई, तू म्हणजे आमची बाहेरची खेळाडू.” प्रतिभा लेकीला सांगायची, “आत्याला धडधडतं गं, बघवत नाही तिला.” आणि मी संत्री सोलायचे.

खरं सांगू, मला ती जागा आवडायलाही लागली होती. हिवाळ्यात आमच्या नागपुरात ऊन लवकर उतरतं. कुठेतरी शेकोटी पेटायची, तिचा धूर आणि धुकं एकत्र होऊन भिंतीवरून हळूच माझ्या बाजूला यायचं. ग्राउंडवरचे दिवे लागायचे. त्यांचा पिवळा उजेड कडुनिंबाच्या वरच्या फांद्यांना लागायचा आणि खाली मी सावलीत. बोटांना संत्र्याच्या सालीचा वास. एक्सचेंजमध्ये दिवसभर कानाला यंत्र लावून माणसांचे आवाज जोडून द्यायचे हेच माझं काम, त्यामुळे कान आधीच तयार होते. थोड्याच दिवसांत मला प्रत्येक पोरीचा टप्पा वेगळा ऐकू यायला लागला. शाल्मलीचा तर झोपेतही ओळखला असता. दोन टप्पे सावकाश, एक पटकन, मग बुटांची खर्रकन घसट, मग काहीच नाही. त्या काहीच नाहीमध्ये मी श्वास धरायचे. टण्ण झालं तर चुकला. सप्प झालं तर जाळीतून गेला. प्रतिभानं सांगायच्या आधीच मला कळलेलं असायचं, तरी मी विचारायचेच, “गेला का?” विचारण्यातही एक सुख होतं.

डोळे मिटले की माझ्या आत एक ग्राउंड उघडायचं. ते खऱ्यापेक्षा कितीतरी मोठं होतं, आणि त्याला भिंतच नव्हती. शाल्मली त्यावर धावायची नाही, तरंगायची. उडी मारली की खाली यायची तिला अजिबात घाई नसायची. वर, कडुनिंबाच्या शेंड्याशी जरा थांबायची, इकडेतिकडे बघायची, मला हात करायची, आणि मग अगदी सवडीनं बॉल सोडायची. खाली आली की तिच्या वेणीला धुकं लागलेलं असायचं. मी एकटीच बसून गालातल्या गालात हसायचे. सायकल काढायला आलेली माणसं माझ्याकडे बघून जायची.

असे आम्ही जिंकत गेलो. आम्ही म्हणजे ती आत, मी बाहेर.

संक्रांतीच्या सुमाराला विनूच्या बदलीचा हुकूम आला. कोल्हापूर. परीक्षा झाल्या की निघायचं. तूही चल, असं विनू आणि प्रतिभा दोघांनीही म्हटलं, मनापासून म्हटलं, पण माझी नोकरी इथं होती. आणि हुकूम ऐकल्या ऐकल्या माझ्या मनात पहिला विचार कोणता आला ठाऊक आहे? अगं बाई, मी तर हिचा एकही बास्केट पाहिला नाही. हिचा पहिला दात पाहिला, पहिलं पाऊल पाहिलं, गोवरात अंगावर उठलेले पुरळ पाहिले, आणि ज्यात ती सगळ्यांत छान आहे नेमकं तेच राहिलं. मला एकच हवा होता. डोळ्यांनी पाहिलेला एक, ती गेल्यावर जवळ ठेवायला.

पण आत जायचा धीर होईना. मी गेले आणि हरलो तर? विनू मानत होता ते एक वेळ ठीक. मला वाईट याचं वाटायचं की आता मीही मानायला लागले होते. संत्री सोलता सोलता मी स्वतःच्या मनाला दटावायचे, नुसतं दाराशी जाऊन बघायचा विचार आला तरी.

सेमीफायनल जिंकून मी आणि शाल्मली लुनावरून घरी येत होतो. तिचे लांब पाय रस्त्याला लागतील की काय असे लोंबत होते आणि हनुवटी माझ्या खांद्यावर होती.

“आत्या, आजचा शेवटचा पाहिलास?”

“डावीकडून मारला तो ना? दोन टप्पे सावकाश, एक पटकन, मग तू थांबलीस आणि सप्प.”

“थांबले कुठे? धावता धावताच मारला.”

मी गाडी चालवण्यात गुंतल्यासारखं केलं.

“तू पाहिला नाहीस,” ती म्हणाली.

“ऐकला.”

“आतापर्यंतचे सगळे?”

“सगळे. एकही सोडला नाही.”

“धडधडतं म्हणून?”

आता पोरीशी किती खोटं बोलायचं? म्हटलं, “अगं, मी आत आले की तुझा शॉट जात नाही म्हणे. तुझ्या बाबाचं म्हणणं आहे.”

मला वाटलं, हसेल. “बाबा काहीही बोलून राहिले,” एवढंच ती म्हणाली. तिची हनुवटी घर येईपर्यंत खांद्यावरून हलली नाही.

फायनलला विनूनं माझ्यासाठी घरून खुर्ची आणली. आत बसायला नव्हे, भिंतीमागे. तिच्यावर स्वतःचा टॉवेल घडी करून घातला. “ताई, आज जागा सोडू नको हं, तुझ्या पाया पडतो,” म्हणाला. मी म्हटलं, “नाही सोडत बाबा, तू जा.” तो बिचारा घामाघूम झाला होता, एवढ्या थंडीत.

त्या दिवशी गर्दी इतकी की मला टप्पे ऐकूच येईनात. नुसता कल्ला. लाल टी-शर्टवाल्या समोरच्या पोरी दांडग्या होत्या, एवढं प्रतिभानं अधूनमधून भिंतीवरून डोकं काढून सांगितलं. सगळा सीझन माझ्यासाठी जो आवाज होता, तोच नेमका फायनलला हरवला. डोळे मिटले तर आतलं ग्राउंडही उघडेना. मी हातातल्या फोडीच्या बिया काढत बसले आणि कोणासाठी काढतेय तेच विसरले.

मग शिट्टी झाली आणि सगळं शांत झालं. प्रतिभाचं डोकं वर आलं. तिचा चेहरा उतरला होता.

“ताई, शालूला पाडलं हो. दोन फ्री थ्रो मिळालेत. आपण एका पॉइंटनं मागे आहोत. दोन्ही गेले तर जिंकलो, एक गेला तर बरोबरी.”

“आणि वेळ?”

“संपल्यातच जमा. उईके मॅडमनं टाइम-आउट घेतलाय.”

उईके मॅडम म्हणजे त्यांच्या कोच. त्यांचाच आवाज पाठोपाठ ऐकू आला, “अगं शाल्मली, कुठं चालली?” आणि मग पावलं. ती पावलं मला ओळखावी लागली नाहीत. फाटकातून शाल्मली धावत आली, अंगातून वाफा निघत होत्या, गुडघा सोललेला, आणि मागून तिच्या संघातल्या सगळ्या पोरी.

“आत्या, कुर्र कर.”

“इथं?”

“लवकर कर ना. मिनिटच आहे.”

तिनं कान पुढे केला. आता तिला त्यासाठी चांगलं वाकावं लागत होतं. मी तिच्या घामेजल्या कानात तिचं नाव सांगितलं. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. बाकीच्या पोरींना काय चाललंय ते कळलं नसावं, पण करायचंच असेल काहीतरी असं समजून त्यांनीही ओळीनं एकेक धपाटा घातला, आणि लेकींच्या हातात काय जोर होता. मी खोकायलाच लागले.

“आता आत चल,” शाल्मली म्हणाली.

“नको गं बाई. चुकला तर?”

“चुकला तर चुकला. तू बघ.”

माझा हात धरून तिनं मला ओढतच आत नेलं.

उजेडानं माझे डोळे दिपले. विनूनं मला पाहिलं, “ताई, तू...” म्हणाला. मी फाटकाजवळच उभी राहिले, हातात संत्र्याची अर्धी सोललेली फोड. ग्राउंड केवढं लहान होतं. सिमेंटला भेगा पडलेल्या, पांढरे पट्टे पुसट. आणि शाल्मलीही किती लहान दिसत होती. माझ्या मिटल्या डोळ्यांसमोर ती केवढी असायची, आणि इथं तर नाक ओढणारी, गुडघा खरचटलेली पोर उभी होती.

पहिला शॉट. टण्ण.

सगळीकडून “अरेरे” झालं. विनू मला काहीही बोलला नाही, देवाशपथ सांगते. त्यानं फक्त फाटकाकडे बघितलं. आणि माझे पाय वळले. जा असं कोणी म्हटलं नाही मला, ती आमच्या घरची सवय. अजून एक शॉट आहे, मी बाहेर गेले तर जाईल, बरोबरी होईल, एवढंच डोक्यात. मी ग्राउंडकडे पाठ करून चालायला लागले, कान मागे ठेवून. पंचानं बॉल दिला. एक टप्पा ऐकू आला. पुढचे येईनात.

मी वळून पाहिलं. शाल्मली बॉल छातीशी धरून उभी होती. ती रिंगकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

“शालू, मार ना,” विनू म्हणाला.

“शाल्मली, वेळ,” उईके मॅडम ओरडल्या.

पंचाचा हात मोजत होता. फ्री थ्रोला मोजके क्षण मिळतात, तेवढ्यात बॉल हातातून सुटला पाहिजे, नाहीतर शॉट बाद. हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी पूर्ण वळले, तिच्याकडे तोंड करून उभी राहिले. तेव्हा कुठे तिनं मान वर केली, बॉल उचलला, आणि शिट्टी वाजली.

बॉल लाल पोरींना मिळाला. उरलेला वेळ त्यांनी नुसता बॉल घट्ट धरून काढला. आम्ही हरलो.

त्या पोरी नाचायला लागल्या आणि आमच्या जिथल्या तिथं खाली बसल्या. उईके मॅडम शाल्मलीजवळ गेल्या. रागावल्या नव्हत्या, पण त्यांना कळतच नव्हतं.

“काहून थांबली गं तू?”

“आत्या बघत नव्हती,” शाल्मली म्हणाली. बुटाची नाडी सुटली होती, असं सांगावं तसं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. विनू तरातरा माझ्याकडे आला. “ताई, तू कशाला...”

“बाबा,” शाल्मली त्याच्या मागूनच बोलली, “ती बाहेर जाऊन राहिली होती. मी तिला बघायला आणलं होतं ना?”

विनू थांबला. फाटकातून त्याला ती खुर्ची दिसत असणार, भिंतीमागे, वर त्याचाच घडी केलेला टॉवेल. मग माझ्या हातातली ती अर्धी फोड घेऊन त्यानं खाल्ली. काय करावं ते सुचलं नाही की तो असाच खातो.

बक्षिसं झाली, माणसं पांगली. अर्धे दिवे विझवले, तसं इतका वेळ बाहेर थांबलेलं धुकं आत उतरलं. पोरी पिशव्या आवरत होत्या. शाल्मली उठून मॅडमकडे गेली.

“मॅडम, माझा एक शॉट राहिला.”

“आता काय उपयोग त्याचा?”

“उपयोग नाही. राहिला फक्त.”

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बॉल दिला. कोणी सांगितलं नाही, पण बाकीच्या पोरी पिशव्या टाकून रिंगखाली दोन्ही बाजूंना जाऊन उभ्या राहिल्या, खऱ्या मॅचमध्ये राहतात तशा. मी पट्ट्याशी उभी राहिले.

“थांब शालू,” विनू म्हणाला. आणि तो फाटकाकडे चालायला लागला.

“तू कुठं चालला?” मी विचारलं.

“बाहेर. मघाचा पहिला चुकला तेव्हा मी पण आतच होतो ना, ताई. आता जरा माझ्यावर घेऊन पाहू.”

असं म्हणून तो गेला, आणि भिंतीपलीकडे खुर्ची करकरली. प्रतिभानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत, मला सांगता येणार नाही.

दोन टप्पे सावकाश, एक पटकन. माझे डोळे सवयीनं मिटायला लागले. मी ते ताणून उघडे ठेवले.

बॉल सुटला. तो धुक्यातून वर गेला, वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा झाला, आणि जाळीतून खाली आला. सप्प. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. पण त्याबरोबर जे झालं त्याला आवाजच नव्हता, म्हणून सगळ्या सीझनमध्ये मला ते कळलंच नव्हतं. बॉल गेला तरी तिचा हात वरच राहिला होता. वरच्या फळीवरचा डबा काढताना मध्येच थांबावं तसा, मनगट वाकलेलं, बोटं खाली सैल, ती चवड्यांवर उभी. प्रत्येक शॉटला ती अशीच उभी राहत असणार. जाळी उलटून रिंगला अडकली होती आणि हळूहळू सुटत होती.

“गेला का?” भिंतीपलीकडून विनूनं विचारलं.

जाळी सुटून सरळ झाली.

“ताई, गेला का गं?”

बॉल घरंगळत भिंतीला जाऊन लागला होता. शाल्मलीचा हात अजून वरच होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

“थांब ना रे,” मी म्हटलं. “पाहून राहिली मी.”